फक्कीच्या रेघेअलीकडे

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. कडेला उसवलेली, मधोमध विरलेली. सध्या कुपवाडच्या युनियन ऑफिसात कपाटामागे गुंडाळून उभी आहे. उभं राहणं हे काही सतरंजीचं काम नव्हे.

हातमागावरून उतरले तेव्हा माझे निळे-तांबडे पट्टे कसे उठून दिसत! युनियनने मला सभांसाठी घेतलं, पण कामगारांच्या घरची बारशी, साखरपुडे, सगळीकडे मीच. "युनियनची सतरंजी आणा, लय ऐसपैस हाय," असं म्हणत. मला जरा गर्वच झाला होता.

मग कारखान्याने जुने कामगार काढून कंत्राटी माणसं घेतली. काढलेल्यांनी मला फाटकासमोर अंथरलं. मालक कोर्टात गेले. ही माणसं इथे दिसताच कामा नयेत, असा मनाई हुकूम त्यांना हवा होता. कोर्टाने तसा दिला नाही. शांतपणे बसून आपलं म्हणणं सांगायला बंदी घालता येणार नाही. फक्त फाटकापासून पन्नास मीटर लांब बसा आणि गाड्या अडवू नका, असं बजावलं.

पॅकिंगमधल्या चंदनबालाताईंनी पन्नास मीटर मोजून रस्त्याकडेला पांढऱ्या फक्कीची रेघ मारली. मी रेघेच्या अलीकडे. कुणी सरकलं की त्या म्हणत, "आवं तात्या, पाय आत घ्या." कंत्राटी पोरं गाडी थांबवून ऐकत, एखादा माघारीही फिरे. आमचं बळ तेवढंच होतं.

खंडेनवमी आली. आकारामतात्या नोकरीभर एकाच लेथवर राबलेले. दरवर्षी ती पुसून, हळदकुंकू लावून तिला झेंडूची माळ घालायचे. त्या दिवशी ते माळ घेऊन उठले.

"मशीन बिनपुजेचं ऱ्हाईल व्हय?" म्हणत त्यांनी रेघ ओलांडली. त्यांचं बघून सगळेच नारळ घेऊन निघाले, चंदनबालाताईसुद्धा. वॉचमनने माळ घेतली नाही. फाटकाशी गर्दी झाली आणि मागून आलेला ट्रक अडकला. भांडण कुणाच्याच मनात नव्हतं, पण फाटकावरच्या कॅमेऱ्याला पूजा कुठली कळायला!

ते फोटो कोर्टात गेले. हुकूम मोडला, हे नाकारणार कसं? आता त्या रस्त्यावरच बसायला मनाई आहे. कंत्राटी पोरं सरळ आत जातात. तात्यांना काम परत मिळायची आशाही मावळली.

"माझ्यापायी झालं गं पोरी," तात्या म्हणाले.

"न्हाई तात्या, मीबी आलेच की तुमच्यामागनं," ताई म्हणाल्या आणि माळ माझ्यातच ठेवून त्यांनी मला गुंडाळलं.

मित्रांनो, सतरंजी नुसती गुंडाळून ठेवली की तिला कसर लागते. ती झटकावी, अंथरावी, तिच्यावर माणसं बसावीत. आणि बसायला मिळालेली जागा तर त्याहून जपावी. आम्हाला ते जमलं नाही. माझ्या घडीत झेंडूचा चुरा झाला आहे, आणि तात्यांची लेथ बिनपुजेचीच राहिली.