धोट्याचा मुका

मित्रांनो, मी एक जुना धोटा आहे. आयुष्यभर मागात धावलो, बोललो मात्र कधीच नाही. आज बोलतो आहे, कारण आज गप्प राहिलो तर एक जीव जाईल. मला घाई आहे, म्हणून भराभर सांगतो.

टेंभुर्णीच्या जातीच्या एका झाडातून मला कापले. लाकूड इतके चिवट, की सुताराला मध्येच थांबून पटाशीला धार लावावी लागली. माझ्या दोन्ही टोकांना पोलाद बसवले, पोटात सुताची कांडी ठेवायला खोबण केली आणि कुशीला एक बारीक भोक पाडले. त्याला डोळा म्हणतात. कांडीचा दोरा या डोळ्यातून बाहेर आला, की मी मागात इकडून तिकडे पळायचो आणि कापड विणायचो. पण दोरा बाहेर यायचा कसा? तोंडाने. विणकरीण माझ्या डोळ्याला ओठ लावी, जोरात श्वास ओढी आणि दोरा तिच्या जिभेवर येई. अमेरिकेतल्या फॉल रिव्हरच्या कापडगिरण्यांत सगळ्याजणी त्याला धोट्याचा मुका म्हणत. कांडी संपली की नवी कांडी आणि नवा मुका, असे दिवसाला शेकडो वेळा.

मी देओलिंडाच्या हाती लागलो. पोर्तुगालच्या अझोर बेटांवरून बोटीने आलेली ही बाई एकटी आठ माग सांभाळायची. गिरणीच्या खडखडाटात स्वतःचा आवाजही ऐकू येत नसे, पण ती गातच असायची. मुकादम तिचे कापड इतरांना दाखवी तेव्हा माझीही छाती फुगायची. लाकडाची असली म्हणून काय झाले!

तिसऱ्या हिवाळ्यात तिला खोकला लागला. कापसाच्या धुरळ्यात सगळेच खोकतात, त्यामुळे कोणाला काही वाटले नाही. पण एका मुक्यानंतर माझ्या डोळ्यापाशी रक्ताचा ठिपका राहिला. देओलिंडाने इकडेतिकडे पाहिले आणि तो एप्रनला पुसून टाकला. ते फक्त मी पाहिले.

त्याच सुमारास तिची धाकटी बहीण झुल्मिरा बेटावरून आली आणि शेजारच्या मागांवर कामाला लागली. मग एके दिवशी आरोग्य खात्याच्या मिस थर्लो जेवणाच्या सुट्टीत आल्या. बारीक चणीच्या, काळ्या टोपीच्या. त्यांनी तारेचा एक लहानसा आकडा पुढे केला.

"दोरा याने ओढा, बायांनो. तोंड लावू नका. एकीचा क्षय दुसरीला होतो तो याच धोट्यावरून."

देओलिंडा मक्याचा पाव चावत हसली. "बाई, तुमच्या आकड्यानं दोरा निघेपर्यंत माझी नातवंडं जन्माला येतील. माग आठ, हात दोन. तुम्ही या की उद्या, दाखवा चालवून!"

बायका खो खो हसल्या. मिस थर्लोंचा चेहरा लाल झाला. "तुला खोकला आहे का गं?" त्यांनी विचारले.

"छे! पाव कोरडा आहे."

पण त्या गेल्यावर तिने झुल्मिराला कोपऱ्यात ओढले. चाकूने माझ्या पाठीवर एक छोटा क्रूस कोरला.

"झुली, हा आपल्या घरचा धोटा. परक्या बायकांच्या धोट्याला तोंड लावायचं नाही. कोण कसल्या रोगाची असेल, देव जाणे! मी नसले तर हाच वापरायचा. शपथ घे."

"ताई, घेतली बाई शपथ! पण तू कुठं चाललीस?"

मित्रांनो, मी ओरडलो. लाकडाला जेवढे ओरडता येते तेवढे ओरडलो. माझ्या डोळ्यात तर तिचाच रोग होता! जगातले सगळे धोटे चालले असते, फक्त मी नको होतो. पण मी मुका, आणि माझा तो मुका.

उन्हाळ्याआधीच देओलिंडा क्षयाने गेली. झुल्मिराने शपथ पाळली. ती रोज मला शोधून काढायची, क्रूस चाचपायची आणि ओठ लावायची. एकदा मी जीव एकवटून मागातून उसळलो आणि सणकन भिंतीवर आपटलो. वाटले, फुटेन. टोकाला नुसता टवका गेला. ती मागाखाली पालथी पडून मला शोधत राहिली. सापडल्यावर रडली, मला पुसले आणि पुन्हा मुका घेतला.

पुढे राज्यात कायदा झाला. तोंडाने दोरा ओढायचे धोटे बंद. मिस थर्लो पुन्हा आल्या तेव्हा कोणी हसले नाही. आमच्या टोपल्या भरल्या आणि बॉयलरकडे निघाल्या. मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता! आच अंगाला लागत होती. तेवढ्यात झुल्मिरा धावत आली. टोपलीत कोपरापर्यंत हात घालून तिने क्रूस हुडकला आणि मला एप्रनमध्ये लपवून घरी आणले.

तेव्हापासून मी ख्रिस्ताच्या तसबिरीशेजारी आहे. माझ्यावर धूळ बसू देत नाहीत. दर रविवारी चर्चमधून आली की झुल्मिरा नेमकी डोळ्याच्या जागी माझा मुका घेते. गेल्या हिवाळ्यापासून तीही खोकते आहे. म्हणते, पाव कोरडा आहे.

तिला नऊ महिन्यांची मुलगी आहे. नाव देओलिंडाच ठेवले आहे. तिला दात येत आहेत, हिरड्या शिवशिवतात, हाती येईल ते चावते. आज सकाळपासून रडून रडून तिने घर डोक्यावर घेतले. शेवटी झुल्मिराने मला फळीवरून काढले आणि तिच्या इवल्या मुठीत दिले.

"घे माझी राणी. हा तुझ्या मावशीचा. दे बरं मावशीला पापा!"

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी हात जोडून सांगतो, मला जपू नका. चूल पेटलेली आहे, तिच्यावर कोबीचे सूप रटरटते आहे. कोणीतरी मला हिसकावून तीत घाला. पोरगी रडली तर रडू द्या. मी चिवट लाकडाचा आहे, सूप होईपर्यंत पुरेन. पण लवकर या.

तिने तोंड उघडले आहे.