तीन भोकं आणि एक अंगठा

“पडलं का?” गच्चीवरून एकनाथरावांनी ओरडून विचारलं.

“कुठं पडतंय!” खाली स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी भाग्यलक्ष्मीबाई ओरडल्या. “ताट कोरडं ठणठणीत आहे. वर बघून बघून माझी मान आखडली.”

“मान राहू दे, ताट बघ!”

तारनाक्याच्या त्या गल्लीत घरं इतकी खेटून होती, की भिंतीतली खिडकी उघडली तर शेजारच्या कुकरची शिट्टी आपल्याच ओट्यावर वाजल्यासारखी वाटे. म्हणून चार वर्षांपूर्वी मुलानं, हर्षवर्धननं, स्वयंपाकघराच्या छतात काचेची खिडकी बसवून घेतली. गुडघे गेल्यापासून भाग्यलक्ष्मीबाई जिना चढत नसत. आभाळ म्हणून त्यांना दिसे ते एवढंच, दोन बाय तीन फुटांचं. त्याखाली खुर्ची टाकून त्या भाजी निवडायच्या आणि अधूनमधून घारी मोजायच्या.

पण गेले दोन पावसाळे खिडकी गळत होती. दोन कारागीर डांबर फासून गेले. गळती आपली जागच्या जागी. शेवटी हर्षवर्धननं ठरवलं, रविवारी मिस्त्री बोलवायचा आणि स्लॅब टाकून ती बंदच करायची. आज शनिवार. सकाळी भाग्यलक्ष्मीबाईंनी नुसती खुर्ची उचलून भिंतीशी नेऊन ठेवली, आणि ते एकनाथरावांच्या जिव्हारी लागलं.

त्यांची सारी नोकरी रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात गेली होती. डब्यावर पाण्याचा फवारा मारायचा, आत थेंब कुठून येतो ते शोधायचं आणि तिथं खडूनं गोल काढायचा. दुरुस्ती झाली की पुन्हा फवारा, मग बरोबरची खूण. चौतीस वर्षं हेच. आपण खूण केलेल्या डब्यात झोपलेला माणूस कधी भिजला नाही, हे ते प्रत्येक पाहुण्याला निदान दोनदा सांगत.

“बाबा, मी चेक केलंय ना,” नळी धरून उभा असलेला हर्षवर्धन कुरकुरला. “दोन बकेट पाणी टाकलं. सगळीकडून लीक आहे. खालीपिली टाइम वेस्ट.”

“वरून बादल्या ओतल्यावर काय समजणार, कप्पाळ? खालून वर जायचं. एकेक बाजू, दहा दहा मिनटं. जरा सबर ठेव.”

खालची कड झाली, डावी झाली, उजवी झाली. वरच्या कडेला डांबराचे थर होते, तीही झाली. ताट कोरडंच. हर्षवर्धन घड्याळ बघायचं विसरला. मग एकनाथरावांनी नळी आपल्या हातात घेतली आणि धार नुसत्या काचेवर धरली.

सातव्या मिनिटाला खाली ताट वाजलं.

“पडलं! अहो, पडलं!”

गळतीचं इतकं आनंदानं स्वागत त्या घरात कधीच झालं नव्हतं.

“स्लॅब चांगला आहे,” एकनाथराव म्हणाले. “काचेवरचं पाणी चौकटीत उतरतंय आणि तिथंच तुंबतंय. बाहेर जायला त्याला वाट पाहिजे.” त्यांनी उकिडवं बसून चौकटीची खालची कड चाचपली. हाताला तीन कडक गोळे लागले. “भोकं दिलेली आहेत. लांबी, पुट्टी भरून बुजवलीत.”

“कुणी केला हा येडेपणा?” हर्षवर्धन भडकला. “तो डांबरवालाच असणार. थांबा, कॉल करतो त्याला.”

एकनाथराव गोळ्यांवर आणखी वाकले. लांबी अंगठ्यानं दाबलेली होती, आणि तिन्ही गोळ्यांवरच्या ठशांतून एक आडवी रेघ गेली होती. त्यांनी आपला उजवा अंगठा पाहिला. डब्याच्या दारात सापडून झालेला व्रण तसाच आडवा होता. मग आठवलं. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांना ही भोकं दिसली आणि राहवलं नव्हतं. छताला भोक म्हणजे दोष, हे हाताला इतकं पाठ होतं की डोक्याला विचारायचं सुचलंच नाही.

मुलानं फोन कानाला लावला. गप्प बसावं, असं एकनाथरावांना क्षणभर वाटलं. डांबरवाला कुठं समोर होता! लाजेनं त्यांचे कान तापले.

“ठेव तो फोन. मी केलं.”

“तुम्ही?”

“हौ. हा बघ अंगठा.”

हर्षवर्धननं अंगठा पाहिला, लांबी पाहिली, आणि हसत हसत ओल्या गच्चीवर बसकण मारली. एकनाथराव थोडा वेळ चेहरा कडक ठेवून होते. मग त्यांनाही आवरेना.

“काय झालं? कोण घसरलं?” खालून आवाज आला.

“कुणी नाही! चोर सापडला!”

“कोण?”

“तुझा नवरा!”

“मग बराबर आहे,” भाग्यलक्ष्मीबाई म्हणाल्या.

स्क्रू-ड्रायव्हरनं तिन्ही भोकं मोकळी केली. काचेवर पुन्हा धार धरली, तर तीन बारीक धारा गच्चीवर वाहू लागल्या. दहा मिनिटं झाली. एकनाथरावांच्या हट्टापायी आणखी वीस झाली. खाली थेंब नाही. हर्षवर्धननं मिस्त्रीला फोन लावला. “भैया, संडेकू नक्को आओ.”

एकनाथरावांनी खिशातून खडू काढला. नियमाप्रमाणे आधी तिन्ही भोकांभोवती गोल काढले. मग टॉवेलनं काच कोरडी करून कोपऱ्यात बरोबरची मोठी खूण केली आणि वाकून आत पाहिलं.

“काचेवर झालं गं. पुसू का?”

खाली भाग्यलक्ष्मीबाई भिंतीजवळची खुर्ची ओढत आणत होत्या. ती जागेवर ठेवून त्या टेकल्या, आणि त्यांनी मान वर केली.

“नक्को,” त्या म्हणाल्या. “राहू द्या.”