लेबल तीनदा वाचायचं

यादीतलं चौथं नाव वाचलं आणि प्रियदर्शनीने घातलेले हातमोजे परत काढून ठेवले. शेख जलालुद्दीन, वय चौऱ्याहत्तर, अंबाजोगाई. हाडांचा स्कॅन.

सकाळचे आठ वाजत होते. लातूर रस्त्यावरच्या या कॅन्सर हॉस्पिटलात ती किरणोत्सारी औषधं तयार करते. गावाकडे कुणी विचारलं तर एवढंच सांगते, की आमचं औषध अंगात जाऊन दुखण्याच्या जागी जमतं आणि मशीनला ते दिसतं. हे औषध कारखान्यातून तयार होऊन येत नाही. शिशाच्या जाड भांड्यातून रोज सकाळी मूळ द्रव काढायचा, मोजायचा, दुसऱ्या कुपीत मिसळायचा आणि एकेका रुग्णाच्या नावाने सिरिंजमध्ये भरायचा. सहा तासांत त्याची ताकद निम्मी होते, त्यामुळे उद्यासाठी ठेवायचा प्रश्नच नाही. तंत्रज्ञ या कामाला धार काढणं म्हणतात. तलवाड्याला म्हशींच्या गोठ्याशेजारी वाढलेल्या प्रियदर्शनीला पहिल्यांदा तो शब्द ऐकून हसू आलं होतं.

एकदा औषध टोचलं, की रुग्णाच्या जवळ उगाच थांबायचं नसतं. जलालुद्दीनचाचांपाशी बसायचं तर आत्ताच. ती बाहेर आली.

चाचा बाकावर ताठ बसले होते. पाठीला टेकणं सोसत नसावं. शेजारी त्यांचा मुलगा कलीम फाइल घेऊन बसला होता. त्याचं बाजारात गॅरेज आहे, हे तिला ठाऊक होतं.

"चाचा, वळखलं का?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "प्रियदर्शनी. सुंदररावची. तू हितं कावून?"

"हितंच असते आता. दोन वर्सं झाली मुंबईहून येऊन."

चाचांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले, पाठ लई दुखती, डॉक्टर म्हणाले फोटो काढा. पाठीविषयी त्यांनी तेवढंच सांगितलं आणि लगेच विचारलं, "दवा कोण बनवतंय?"

"मीच."

"हातानं?"

"हातानं."

सतरा वर्षांपूर्वी डी. फार्मसी करताना तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी ती अंबाजोगाईच्या बाजारातल्या एका मेडिकलवर जायची. पुढच्या बाजूला गोळ्यांच्या पाकिटांचं दुकान, आणि मागे पडद्याआड एक सागवानी टेबल. ते चाचांचं. समोरच्या गल्लीतले एक म्हातारे डॉक्टर तेव्हाही मिक्श्चर लिहून द्यायचे. चाचा ते बनवायचे. पुदिन्याचा अर्क, लवंगेचं तेल, गुलाबी पाणी, आणि बाटलीच्या अंगावर कागदाची कातरलेली पट्टी, म्हणजे एका वेळी किती घ्यायचं ते अडाणी माणसालाही कळावं. लहान लेकरांच्या पुड्या ते अशा बांधायचे की कणभरही सांडत नसे. प्रशिक्षणाच्या मुलींना पुढे गोळ्या मोजायला उभं करत. प्रियदर्शनी मात्र संधी मिळाली की पडद्याआड जायची.

चाचांनी तिला शिकवलं. मापाचा ग्लास डोळ्यांच्या रेषेत धरायचा. मोजताना बोलायचं नाही. आणि लेबल तीनदा वाचायचं: बाटली उचलताना, ओतताना, परत ठेवताना. तिसऱ्यांदा वाचायचा कंटाळा येतो, म्हणून तेच खरं वाचन, असं ते म्हणायचे.

त्याच वर्षी ते डॉक्टर वारले. त्यानंतर मिक्श्चर लिहून देणारं कुणी राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली तेव्हा चाचा रिकामं टेबल फडक्याने पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी फडकं झटकलं, घडी घातली आणि पुढे येऊन गोळ्यांच्या काउंटरला उभे राहिले. मग दहा-बारा वर्षं तिथेच उभे होते.

पुढे तिने बी. फार्मसी केली. मुंबईला किरणोत्सारी औषधांच्या अभ्यासक्रमात निवड झाली तेव्हा वडिलांनी, सुंदररावांनी, साफ नाही म्हटलं. तलवाड्याच्या बसस्टँडवर त्यांनी तिच्यासाठी गाळा बांधला होता, शटर लावलं होतं, तिच्या नावाचा बोर्डही रंगवून आणला होता. तिने रडून पाहिलं, जेवण सोडून पाहिलं. शेवटी चाचांना फोन केला, तोही फक्त जमत नाही म्हणून सांगायला. तिसऱ्या दिवशी चाचा बीडला एसटी बदलून तलवाड्याला हजर. दोघे ओसरीवर बसले. आत चहा करणाऱ्या आईने ऐकलं तेवढं तिला पुढे सांगितलं. चाचा म्हणाले होते, "सुंदरराव, दुकान कोण बी चालवील. पोरीचा हात दवा बनवायचा हाय. असा हात आता कुटं लागत न्हाई. एका ठिकानी लागतोय म्हनत्यात, तर जाऊ द्या."

सुंदररावांनी जाऊ दिलं. वर्षभर ते तिच्याशी बोलले नाहीत. गाळा मोबाइलवाल्याला भाड्याने दिला. बोर्ड मात्र घरातच भिंतीशी उभा होता, आणि सुंदरराव वारल्यावरही आईने तो हलवला नाही.

"मला बघाया मिळंल का?" चाचांनी विचारलं.

आत येता येणार नव्हतं. प्रयोगशाळेच्या दाराला जाड काच होती, तिथून बघा, ती म्हणाली. कलीम म्हणाला, अब्बा, उभं राहवणार नाही तुम्हाला. चाचा तोवर उठून काचेपाशी गेलेही होते.

प्रियदर्शनीने हातमोजे चढवले. शिशाच्या आडोशामागे कुपी ठेवली, द्रव मिसळला, हलक्या हाताने फिरवला, घड्याळ लावून थांबली. काचेपलीकडे चाचा एका हाताने चौकट धरून उभे होते. ते तिच्या तोंडाकडे बघत नव्हते, हातांकडे बघत होते. तिने सिरिंज भरली, यंत्रात मोजली, लेबल लिहिलं. शेख जलालुद्दीन. ते नाव आपल्या अक्षरात उमटताना तिचे डोळे भरून आले. लेबल चिकटवून तिने सिरिंज पेटीत ठेवली आणि झाकणाला हात घातला.

काचेवर टकटक झाली.

तिने वर पाहिलं. चाचांनी तीन बोटं वर केली होती.

इतक्या वर्षांत तिचं कधी चुकलं नव्हतं. तिने सिरिंज परत बाहेर काढली आणि नाव, वय, औषध, मात्रा, वेळ सगळं ओठ हलवत वाचलं. सगळं बरोबर होतं. तिने झाकण लावलं.

"बराबरच असंल," ती बाहेर आल्यावर चाचा म्हणाले, "पर वाचायचं."

नर्सने औषध टोचलं. आता तीन तास भरपूर पाणी पीत वेगळ्या खोलीत बसायचं होतं. प्रियदर्शनी कामातून सुटली तशी एकदा त्या खोलीच्या दारापर्यंत आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. चाचांनी औषधाची मुदत विचारली. तिने सांगितलं, दुपारपर्यंत निम्मं, उद्या सकाळी नावाला. ते हसले. आमचं मिक्श्चर आठ दिवस चालायचं, म्हणाले. मग पाण्याचा ग्लास हातात तसाच धरून बसले.

"चाळीस वर्सं लोकांच्या नावाच्या बाटल्या भरल्या. माज्या नावाची दवा कोणी बनवली न्हवती. ही पयलीच."

 आतून हाक आली म्हणून ती गेली.

स्कॅन झाला तेव्हा ती तंत्रज्ञाच्या मागे उभी होती. पडद्यावर हळूहळू सांगाडा उमटला. कणा, बरगड्या, कमरेचं हाड. काळे ठिपके कुठे असायला नकोत हे तिला चांगलं ठाऊक होतं. ते तिथेच होते, आणि एक-दोन नव्हते. तंत्रज्ञाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती मोकळ्या कॉरिडॉरमध्ये येऊन थोडा वेळ नळाखाली हात धरून उभी राहिली.

चाचा टोपी नीट करत बाहेर आले. कलीम जीप आणायला गेला होता.

"दिसलं का काय, बेटा?"

"रिपोर्ट डॉक्टर देतील, चाचा. परवा."

बोलताना ती फरशीकडे बघत होती.  काउंटरपलीकडून तपासणीचा कागद पुढे करून विचारणाऱ्या माणसांना चाचांनीही जन्मभर हेच सांगितलं होतं.

"बराबर हाय," ते सावकाश म्हणाले. "आपन न्हाई सांगायचं."

ती पाया पडायला वाकली, तसे ते दोन पावलं मागे सरले. खिशातला घडी घातलेला कागद काढून तिला दाखवला. लहान मुलं आणि इतरांपासून आज अंतर ठेवावं, असं त्यावर छापलं होतं. खाली सही तिचीच होती.

"आज दवा हाय अंगात. लांबूनच."

जीप दाराशी आली. कलीमने आतून हात लांबवून पुढचं दार उघडलं. चाचांनी ते लोटून दिलं, मागचं उघडलं, मुलापासून जेवढं लांब बसता येईल तेवढं कोपऱ्याला सरकून बसले आणि दार स्वतःच ओढून घेतलं.