पान दोनशे चौदावरचा मुकुट

तिला सगळे तलवारमावशी म्हणत. खऱ्या नात्यानं ती एकाचीच मावशी, छापखाना चालवणाऱ्या भाच्याची. पण संग्रहालयाच्या शस्त्रभांडारात एकतीस वर्षं तलवारींना तेल लावणाऱ्या, गंज खरवडणाऱ्या बाईला दुसरं काय नाव पडणार? जुन्या सैनिकी पात्यांवर मुठीजवळ कारखान्याचे आणि पलटणींचे बारीक छाप ठोकलेले असतात. ते तिनं भिंगाखाली बघून हातानं काढले आणि त्यांचं पुस्तक केलं. त्याच्या तीन आवृत्त्या संपल्या. पाती जमवणारा माणूस एक वेळ चष्मा विसरेल, पण ते जाडजूड पुस्तक विसरायचा नाही.

चौथी आवृत्ती निघणार नाही, हे सांगायला भाचा आला तेव्हा तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिला. शेवटी तिनंच विचारलं, तेव्हा त्यानं सांगून टाकलं. आता लोक फोनवर फोटो टाकतात आणि दहा मिनिटांत दहा जण उत्तर देतात. एवढं मोठं पुस्तक कोण घेणार? मावशीला वाईट वाटलं, पण राग आला नाही. ती म्हणाली, तर मग सगळी चित्रं वेबसाइटवर टाक, निदान लोकांना उपयोग होईल. भाच्याच्या मनावरचं ओझं उतरलं. दुसऱ्या दिवसापासून तो तिच्या जेवणाच्या टेबलावर स्कॅनर मांडून एकेक पान उतरवू लागला.

चौथ्या दिवशी ओळखीचे दातांचे डॉक्टर आले. पडद्याच्या कापडात गुंडाळून त्यांनी घोडदळाची एक तलवार आणली होती. महिन्यापूर्वी घेतलेली, आणि त्यांचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. पान दोनशे चौदावरचा मुकुटाचा छाप आणि या पात्यावरचा छाप, तंतोतंत एक, असं ते दोनदा म्हणाले.

मावशीनं खिडकीशी नेऊन भिंग लावलं. मुकुटाच्या खालच्या कडेला मोत्यांची ओळ होती. चार मोती. तिनं पुन्हा मोजले.

ती आत गेली आणि स्वतःची प्रत घेऊन आली. त्या प्रतीत दोनशे चौदाव्या पानावर तिच्याच अक्षरात पेन्सिलनं लिहिलेलं होतं, ‘मोती पाच हवेत’. चित्र काढताना भांडारातल्या मूळ तलवारीवर एका मोत्यावर गंज चढलेला होता. तो साफ झाला तोवर पुस्तक छापून झालं होतं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू म्हणून ते राहिलं, आणि पुढच्या दोन्ही आवृत्त्यांत विसरलं. जगातल्या कुठल्याही खऱ्या पात्यावर चार मोत्यांचा मुकुट नव्हता. तो फक्त तिच्या पुस्तकात होता.

हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. पुस्तक मिटून ‘छान आहे हो’ म्हटलं असतं, तर डॉक्टर खुशीत घरी गेले असते. तिला तसं वाटून गेलंही, नाही असं नाही. मग तिनं पेन्सिलची ओळ त्यांच्यासमोर धरली.

“ही तलवार माझ्या पुस्तकावरून केलेली आहे,” ती म्हणाली. “चुकीसकट.”

डॉक्टरांनी ओळ वाचली, पातं बघितलं आणि खुर्चीत बसले. भाच्यानं स्कॅनर बंद केला. डॉक्टर म्हणाले, “मावशी, मी रोज लोकांना खोटे दात बसवतो. मला तरी कळायला हवं होतं.”

मग तिघंही हसले, मावशी जरा उशिरा.

चहा झाल्यावर भाच्याला काळजी लागली. सगळी चित्रं उघड्यावर टाकायची म्हणजे चोराच्या हातात किल्ली देण्यासारखंच नाही का, असं तो विचारू लागला. मावशीचं म्हणणं पडलं की किल्ली चोराकडे वीस वर्षांपासून आहेच. चित्र कुणीही उतरवतो. पण पातं हातात कसं तोललं जातं, मुठीचं चामडं कुठे झिजतं, धार लावून लावून पात्याची कड कशी आत जाते, हे तिनं कधी लिहिलंच नव्हतं, कारण भांडारातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. आणि त्यातले आता दोघंच उरले होते.

“ते लिही,” भाचा म्हणाला. “ते मी छापतो. बारीकसं पुस्तक.”

चित्रं वेबसाइटवर गेली. दोनशे चौदाव्या पानाखाली मावशीनं आपली चूक तारखेसकट लिहायला लावली आणि विनंती केली की कुणाच्या तलवारीवर चार मोती असतील तर कळवावं. चार महिन्यांत सात जणांनी कळवलं. पत्रागणिक तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण ती फोटो मागवायची, वजन विचारायची, टिपून ठेवायची. बारीक पुस्तकातलं खोट्या पात्यांवरचं प्रकरण त्यातूनच उभं राहिलं. डॉक्टरांनी आपली तलवार त्यासाठी देऊन टाकली.

सातवं पत्र एका निवृत्त शिक्षिकेचं होतं. तलवार तिच्या वडिलांची होती. ते नव्वदीत होते, आणि सैन्यातल्या मित्रांनी मिळून दिलेली म्हणून ती त्यांच्या पलंगासमोर टांगलेली होती. तिनं लिहिलं होतं, फोटो हवा तर पाठवते, पण पुस्तक त्यांच्या हाती लागलं तर ते ओळखतील. अजून रोज भिंगानं वाचतात.

मावशीनं ते पत्र आठवडाभर टेबलावर ठेवलं. भाचा म्हणाला, सातवी गाळून टाक, कुणाला कळतंय. तिनं गाळली नाही. बारीक पुस्तक निघालं तेव्हा यादीत डॉक्टरांच्या तलवारीखाली पत्रांतल्या सातही नोंदी होत्या. सातवीपुढे वजन होतं, लांबी होती, मालकाचं नाव नव्हतं आणि फोटोही नव्हता. शिक्षिकेला तिनं उत्तर पाठवलं की त्या पात्याला वर्षातून दोनदा हलक्या हातानं तेल लावा, आणि पुसायला जुनं सुती कापड घ्या.