सहा व्होल्ट

"सर्किट कधी खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो माणूस!" खंडू सरांनी जाहीर केलं आणि डब्याचं झाकण उघडलं. ऐकायला खोलीत फक्त पंखा होता, तोही बंद.

भोंग्यातली घरघर गाळणारा, डब्यातला हा फिल्टर त्यांनीच भीमजयंतीसाठी बनवला होता. घरी, प्लस-मायनस दोन्ही देणाऱ्या सप्लायवर तो झकास वाजला. मैदानात ट्रॅक्टरच्या एकाच बॅटरीवर लावला आणि गावात दरवर्षी गाणाऱ्या सोजरबाईंचं भीमगीत पहिल्याच ओळीला टराटरा फाटलं. सरांनी भर मंडपात माइकवर सांगून टाकलं, "मशीन ओके आहे. बाईंचा घसा बसलाय." अख्खं वरवंड हसलं. त्याला आठ महिने झाले. बाई पुन्हा गायल्या नाहीत.

आणि काल विहारात हाच डबा बॅटरीवर लावून सरांनी स्वतः 'हॅलो' म्हटलं, तर तेही फाटलं.

आवाजाची लाट वर जाते तशी खालीही जाते. बारा व्होल्टची एकच बॅटरी असेल तर त्या लाटेला मधोमध, सहा व्होल्टवर उभं करावं लागतं, नाहीतर खालचा अर्धा आवाज कापला जातो. दोन सारखे रेझिस्टर लावले की काम झालं. डब्यात ते नव्हतेच. शिरूरला शिकवताना याच चुकीवर सरांनी तीस वर्षं पोरं नापास केली होती.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. रेझिस्टर उगवले नाहीत.

दोन्ही रेझिस्टर जोडून, डबा, माइक, भोंगा, बॅटरी सगळं स्कूटरवर लादून सर सोजरबाईंच्या दारात पोचले. बाई मेथी निवडत होत्या.

"नवीन पार्ट टाकलाय," सर स्वतःच्या चपलांना म्हणाले. "टेस्टिंगला दोन ओळी म्हणता?"

बाईंनी म्हटल्या. भोंग्यातून खणखणीत आल्या. मेथीची काडी हातातच राहिली.

"म्हंजी माझा घसा..."

"घसा नव्हता, बाई. मीच दोन रेझिस्टर विसरलो."

"केवढं असत्यात?"

"तांदळाएवढे."

"आन् मी आठ म्हैने हळद-दूध पितीय!"

सरांचा हात स्विचकडे गेला.

"ऱ्हाऊ द्या चालू." बाईंनी माइक त्यांच्यापुढं धरला. "हितं बोला. तवा बी माइकवरच बोलला व्हता."

सर खाकरले. खाकरणंही स्वच्छ ऐकू गेलं.

"खंडू सर बोलतोय. जयंतीला बाईंचा घसा बसला नव्हता. चूक मशीनची... माझी होती."

बाईंनी मेथीची जुडी पुन्हा पुढ्यात ओढली.

"सर, आवाज वाईच वाढवा. पलीकडं दगडाबाईला कमी ऐकू येतं."