मार्गारेट मॅडमची मंजुरी

नेरडीगोंड्याला हायवेवर तुळजाबाईचं इंजिन ऑइलचं दुकान. वीस वर्षं तिनं ट्रकवाल्यांना सुटं तेल विकलं, आणि आता तिला अमेरिकेच्या ‘बिग मेसा’ कंपनीची एजन्सी हवी होती. समोरच्या अमृतरावालाही तीच हवी होती, अन् मेल्यानं पेढेसुद्धा आधीच सांगून ठेवले होते. एजन्सी एकच. कंपनीची अट काय, तर तोंडी परीक्षा! विषय, कंपनीचा इतिहास आणि तिचे अध्यक्ष. आता तेलाचे डबे विकणाऱ्या बाईनं अध्यक्ष पाठ करून काय करायचं? पण कंपनीला विचारणार कोण!

पुस्तकातली नावं काही केल्या डोक्यात बसेनात. शेवटी तुळजाबाईनं ती गोठ्यात नेऊन बांधली. म्हातारा बैल डडली, म्हणजे कंपनी काढणारा. त्यानंतरचा वॉल्टर, तो गेल्या साली विकलेला बैल. मग क्लाइड, तो तांबडा. आणि सध्याच्या अध्यक्षीणबाई मार्गारेट, ती म्हैस.

नवरा फकिरा वैतागला. “काऊन वं, जनावरायले साहेब करून राह्यली?” पण चार दिवसांत तोही “डडली, हट!” म्हणायला लागला.

परीक्षेला नागपूरहून कंपनीचे सुरेंद्र साहेब आले आणि पंचायतीच्या खोलीत बसले. अमृतरावानं आधी जाऊन सगळं पुस्तक घडाघडा म्हटलं आणि मिशीला पीळ देत बाहेर आला. तुळजाबाई पदर खोचून आत गेली.

“संस्थापक कोण?” साहेबांनी विचारलं.

“डडली. लई कष्टाळू. पण म्हातारपणी जागेवरून उठेचना. शेपूट पिरगाळली तरी नाई.”

साहेबांचा पेन थांबला. “वॉल्टर का गेले?”

“गेला कुठं? आमीच इकला त्याले. इचोड्याच्या बाजारात.”

अगं बाई! तिनं जीभ चावली, पण तोंड काही थांबेना.

“क्लाइड?”

“कोनासंगच जुपत नाई. बाजूच्याले शिंगं मारते.”

“आणि मार्गारेट मॅडम?”

“तिच्यावरच तर सारं घर चालून राह्यलं, साहेब.” एवढं बोलून तिला रडूच फुटलं. गेली एजन्सी, खा म्हणावं आता पेढे!

हसता हसता साहेबांचा चहा सदऱ्यावर सांडला. दाराशी उभ्या फकिरानं गोठ्याची सगळी हकीकत सांगितली, तेव्हा तर ते पोट धरून बसले.

“बाई, या कंपनीत तीस वर्षं काढली मी. डडली साहेब खरंच खुर्चीवरून उठत नव्हते. वॉल्टरला घरच्यांनीच विकून खाल्लं, पुस्तकात ‘निवृत्त’ छापलंय. क्लाइडचं तर बोलूच नका. एवढं खरं मला आजवर कुणी सांगितलं नाही.”

आणि त्यांनी एजन्सीच्या पत्रावर सही ठोकली.

जाता जाता साहेबांना मॅडमचं दर्शन हवं झालं. गोठ्यात त्यांनी हात जोडले, पत्र पुढं धरलं. “मॅडम, नवी एजन्सी दिली. मंजूर ना?”

मार्गारेटनं मान लांबवली आणि पत्र सहीसकट खाऊन टाकलं.

“अवं माय! माही एजन्सी!” तुळजाबाईनं म्हशीच्या तोंडात हात घातला, पण मॅडम निवांत रवंथ करत होत्या.

“राहू द्या, बाई,” साहेब बॅगेतून दुसरं पत्र काढत म्हणाले. “आमच्याकडं वर गेलेला कागद कधी परत आलाय? मी म्हणूनच दोन प्रती ठेवतो.”

दुसरी प्रत तुळजाबाईनं पदराच्या गाठीत बांधली आणि मार्गारेटला त्या दिवशी पेंड काही घातली नाही.