झपाटीची धाव

"बेन, ए तो मोर छे!"

केतनभाईंनी खुर्ची मागे सारली आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बोट केलं. "शहामृग नाय हा. मोराचा पिसारा काढून घेतलाय, मान ताणलीय, बस! आणि धावते कशी, जुओ तरी. लग्नात नवरी मंडपात येते तशी."

टेबलाभोवतीची मंडळी हसली. निरुपमाही हसली, कारण खोटं काहीच नव्हतं. तिने काढलेली झपाटी पडद्यावर लाल घागरा सावरत, मातीला दुखेल की काय अशा बेताने पाऊल टाकत होती. मागून धावणारी रिक्षा तिला केव्हाच गाठून पुढे गेली होती.

रावपुऱ्यात एका फरसाणाच्या दुकानावर केतनभाईंची कंपनी होती. दोन खोल्या, खालून सतत येणारा तळणाचा वास, आणि मोबाइलवर खेळायचे खेळ बनवणारी आठ-दहा माणसं. नव्या खेळाची नायिका झपाटी ही शहामृगाची मादी. खड्डे, गाई, हातगाड्या ओलांडत तिने सुसाट पळायचं, एवढाच खेळ. साल दोन हजार पाच. जो तो हातातल्या फोनवर काहीतरी पळवू पाहत होता.

"शनिवारी बंगलोरची पार्टी येते," केतनभाईंचा आवाज खाली आला. "ही पळाली नाय, तर मी तयार चित्ता विकत घेऊन टाकीन. मग..."

ते टेबलावरचे कागद चाळू लागले. माणूस भला होता. चित्ता तयार मिळाला की चित्रं काढणारी बाई कशाला लागेल, हे निरुपमाला न सांगता कळलं.

दांडिया बाजारातल्या घराच्या पुढच्या खोलीत तिने वीस वर्षं खाके छापले होते. पातळ कागदावर नक्षी काढायची, सुईने तिच्या रेषेरेषेवर भोकं पाडायची, कागद साडीवर पसरायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवायचा. कागद उचलला की साडीवर निळ्या ठिपक्यांचा मोर उमटलेला. भरतकाम करणाऱ्या बायका त्यात रेशीम भरत. मग कॉम्प्युटरवर चालणारी भरतकामाची यंत्रं आली आणि उंबऱ्याशी साड्यांचे गठ्ठे येईनासे झाले. केतनभाईंनी तिला ठेवून घेतलं ते तिचा हात पाहून. आणि आता तो हातच आडवा येत होता.

संध्याकाळी सासूबाईंना तिने सगळं सांगितलं. मंदाकिनीबाई हिचक्यावर हलके झोके घेत वाल सोलत होत्या.

"तुझ्या हातात मोर बसलाय गं," त्या म्हणाल्या. "तो उठल्याशिवाय दुसरं पाखरू कुठे बसायचं? तू शहामृग पाह्यलायस कधी?"

"चित्रात."

"चित्रातला चित्रातच राहणार. पादरा गावाकडे ते दत्ताजीराव आहेत ना, रिफायनरीतून रिटायर झालेले? त्यांनी पाळलीय एक मादी. उद्या जाऊ. मी पण येते."

"तुम्ही कशाला, आई? स्कूटीवर कंबर दुखेल."

"दुखू दे. घरात बसून काय नाचते का ती?"

दुसऱ्या दिवशी दोघी निघाल्या. पुढे निरुपमा, मागे मांडीवर सुरळीच्या वड्यांचा डबा धरून मंदाकिनीबाई. शहर मागे पडलं तशा त्या मागच्या मागे ओवी रचू लागल्या. त्यांना ती खोडच होती. भाजी निवडतानाही त्या भाजीवर ओवी रचत.

*थोरलं पाखरू गं, त्याला उडणं ना ठावं*
*पायांच्या वाटेनं गं, त्यानं आभाळ गाठावं*

दत्ताजीराव फाटकाशीच उभे होते. "या, या, बेसो. बाईसाहेब तिकडे आहेत."

जाळीच्या कुंपणापलीकडे, कडुलिंबाच्या सावलीत बाईसाहेब बसल्या होत्या. करड्या पिसांचा एक ढिगारा, आणि त्यातून वर आलेली मान. पापण्या एवढ्या लांब की कुणी काजळ घालून बसवल्यात असं वाटावं. त्यांनी पाहुण्यांकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"पळत नाही का ती?" निरुपमाने विचारलं.

"मनात आलं तर पळते. आमचं कोण ऐकतं?"

निरुपमाने खाटेवर बैठक मारली. मांडीवर घोंगडीची घडी, तिच्यावर पातळ कागदांची चळत, हातात सुई. पेन्सिल तिला कधी रुचलीच नव्हती. ऊन सरकत राहिलं. दत्ताजीरावांनी कोबीची पानं टाकली; बाईसाहेबांनी ती बसल्या जागी खाल्ली. दत्ताजीरावांनी हाका मारल्या, डबडं वाजवलं, शेवटी स्वतःच कुंपणाकडेने दुडक्या चालीने धावून दाखवलं. बाईसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

"ही सुद्धा नवरीच निघाली," निरुपमा पुटपुटली. उद्याचा दिवस मध्ये, आणि मग शनिवार.

"थांब, मी बघते तिच्याकडे." मंदाकिनीबाई उठल्या. जाळीजवळ जाऊन त्यांनी चेहरा पुढे नेला. "काय गं, सासुरवाशीण आलीय तुझ्या दारी, एवढा कसला तोरा?"

मान विजेसारखी आली. जाळीवरून वाकली, आणि मंदाकिनीबाईंच्या नाकावरचा चष्मा उचलून गेली.

"अगं बाई! माझा चष्मा!"

"बाईसाहेब, सोडा! सोडा म्हणतो ना!" दत्ताजीराव आत धावले.

आणि बाईसाहेब उठल्या. ढिगाऱ्याखालून दोन पाय निघाले, तालमीतल्या गड्यासारखे, आणि जमीन वाजू लागली. चष्मा चोचीत, दत्ताजीराव मागे, धूळ त्यांच्याही मागे. निरुपमाने पाहिलं आणि तिला श्वास घ्यायचं भान राहिलं नाही. खाली एवढा धुमाकूळ, पण वर डोकं कसं निवांत! पाण्याची भरलेली घागर डोक्यावर घेऊन एखादी पळत सुटावी आणि थेंब सांडू नये. वळणावर दोन्ही पंख उघडले, दोन्ही बाजूंनी पदर धरल्यासारखे, आणि अंग तिरपं झालं.

तिची सुई चालत होती. कागदाकडे तिचं लक्षच नव्हतं. डोकं, टोच. पंखाचा सांधा, टोच. गुडघा, टाच, टोच, टोच. कागद ओढ, दुसरा घे. मोर केव्हा उठून गेला तिला कळलंही नाही.

"हसतेस काय? मला आंधळी केलीन तिने!" मंदाकिनीबाई म्हणाल्या, आणि खाट धरून स्वतःच हसत सुटल्या.

चष्मा पचणार नाही असं ठरवून बाईसाहेबांनी तो पलीकडच्या कोपऱ्यात टाकला. एक काडी गेली होती. दत्ताजीराव धापा टाकत तो घेऊन आले आणि माफी मागू लागले, तर मंदाकिनीबाईंनी त्यांच्यापुढे सुरळीच्या वड्यांचा डबा धरला. "आधी खा. तुम्हीसुद्धा बरे पळता हो."

निरुपमाने एकेक कागद सूर्याकडे धरला. भोकाभोकांतून ऊन आलं. डोक्यांचे ठिपके कागदामागून कागद एका पातळीत, सरळ. पायांचे खाली उड्या घेणारे. रेषा एकही नव्हती, आणि तरी पक्षी पळत होता.

शुक्रवारी ऑफिसात प्रोग्राम लिहिणारा शुभंकर कॉम्प्युटरवर बसला आणि निरुपमा त्याच्या शेजारी. ती ठिपके सांगे, तो ते जोडी. घागरा वळणावर कसा उघडायचा यावर दोघं दुपारभर भांडली.

शनिवारी बंगलोरचा माणूस आला. त्याच्यापुढे चहा ठेवला. शुभंकरने कळ दाबली.

झपाटी आली. घागरा उडवत, मान स्थिर, पाय बेफाम. गाय ओलांडली, खड्डा ओलांडला, रिक्षा मागे टाकली. त्या माणसाने आपण होऊन कीबोर्ड पुढे ओढला. तो खेळत राहिला आणि चहावर साय धरली. एकदा तर वळणावर तो खुर्चीत स्वतःच तिरपा झाला.

"आ कोणे बनाव्युं?" केतनभाईंनी उगाच सगळ्या खोलीला विचारलं, जणू त्यांना ठाऊकच नव्हतं. मग निरुपमाकडे वळून हळूच म्हणाले, "बेन, आता हिची एक नणंद पण काढा. दुसऱ्या लेव्हलला लागेल ने."

खोलीत एकच गलका झाला. कुणी खालून गरम फाफडा आणायला धावलं. निरुपमा मात्र पडद्यापुढेच बसून होती. आजवर तिने काढलेलं प्रत्येक पाखरू ज्या साडीवर बसलं त्या साडीवरच राहिलं. घडीत गेलं, कपाटात गेलं, कुणाच्या तरी लग्नात एकदा बाहेर आलं.

तिने कळ दाबली. झपाटी डावीकडून आली, धूळ उडवत सगळा पडदा ओलांडून गेली आणि उजव्या कडेला दिसेनाशी झाली. निरुपमा खुर्चीतून अर्धी उठली आणि पाखरू गेलं कुठे म्हणून तिने वाकून कॉम्प्युटरच्या मागे पाहिलं. तिथे वायरींचा गुंता होता, आणि धूळ. कुणाचं लक्ष नाही असं बघून तिने पदराच्या टोकाने तेवढी धूळ पुसून घेतली.